नजरचुकीने नाव राहिल्यास क्षमस्व

गोकुळाष्टमीच्या सुमारास आमच्या गल्लीत अखंड हरिनाम सप्ताह असतो, हे गल्लीतल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. त्यांची बांधायची जागा चार दिवस आधीच मांडववाले घेतात. तरीही दर वर्षी सप्ताहाचं पोस्टर निघतं आणि दर वर्षी त्याचा मजकूर तपासायला माझ्याकडे येतो. मी मराठीचा मास्तर होतो, एवढाच माझा अपराध. निवृत्तीनंतर माणसाला मान कमी आणि मजकूर जास्त मिळतो.

पोस्टर हा शब्द मी इथं लिहिण्यापुरता वापरतोय. बोलताना आम्ही 'डिजिटल' म्हणतो. 'डिजिटल लागलं का?' 'डिजिटलवर माझा फोटो बारका आलाय.' 'कालच्या वाऱ्यात डिजिटल फाटलं.' देश डिजिटल करायच्या घोषणा व्हायच्या कितीतरी आधी आमचा चौक डिजिटल झाला होता.

आमचं गाव वाशी. हे वाशी म्हणजे खाडीपुलापलीकडचं नव्हे. आमचं वाशी बालाघाटाच्या माथ्यावरचं, तालुक्याचं गाव, नगरपंचायत असलेलं. पण मोबाइलला हे पटत नाही. 'वाशी' एवढंच टाकलं की तो आम्हाला लोकलच्या स्टेशनावर नेऊन सोडतो. एका वर्षी लांबच्या शहरातल्या कुणा हौशी कारागिराकडून पोस्टर करून घेतलं, तेव्हा त्यानं विठ्ठलाच्या मागे दिव्यांनी लखलखणारा पूल आणि वीस मजली इमारती टाकून पाठवल्या. कमिटीतल्या दोघा-तिघांना ते आवडलंही होतं. 'विकास झाल्यासारखा दिसतो,' असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून 'ता. वाशी, जि. धाराशिव' हे मी मजकुरात दोन ठिकाणी लिहितो. 2023 साली जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा पाच अक्षरांची चार झाली. एका अक्षराची जागा मोकळी झाली हे आमच्या डिझाइनवाल्या पोराच्या लक्षात यायच्या आधी कमिटीच्या लक्षात आलं. त्या जागेत आता एक सहखजिनदार आहेत.

सप्ताहाच्या पोस्टरावर काय काय लागतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे 4 ते 6 काकडा, मग विष्णुसहस्रनाम, 8 ते 11 ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री 9 ते 11 हरिकीर्तन, नंतर हरिजागर. हा झाला एक दिवस. असे सात. आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. म्हणजे आठ कीर्तनकार. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाच्या नावाआधी ह.भ.प. आणि नावानंतर गाव. मग व्यासपीठ चालक, मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी, चोपदार. मग सकाळचे अन्नदाते, संध्याकाळचे अन्नदाते, महाप्रसादाचे अन्नदाते. मांडव, ध्वनिक्षेपक, पाण्याचा टँकर, फुलं, हे सगळं 'सौजन्य'मध्ये. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, ते मघाचे सहखजिनदार, सल्लागार, मार्गदर्शक. मग शुभेच्छुक, आणि शुभेच्छुकांत एखादे भावी नगरसेवक. सगळ्यात खाली, जागा उरली तर, 'समस्त ग्रामस्थ'. नावं शंभराच्या वर जातात. कार्यक्रम दोन ओळींत आटोपतो.

माझं काम या शंभर नावांचं शुद्धलेखन पाहायचं. त्यातली निम्मी लढाई 'कीर्तन' या एका शब्दावर होते. महाराष्ट्रात कीर्तनातली की जितक्या वेळा ऱ्हस्व छापली गेली असेल, तितकी दुसरी कुठली वेलांटी चुकली नसेल. दुसरी लढाई हरीची. मराठी शुद्धलेखनाचे जे नियम 1962 मध्ये ठरले आणि 1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली, त्यांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ. म्हणून 'हरी' दीर्घ. पण तोच समासात आधी आला की मूळ संस्कृतासारखा ऱ्हस्व, म्हणून 'हरिनाम', 'हरिपाठ', 'हरिकीर्तन'. हे मी एकदा कमिटीला समजावून सांगितलं. अध्यक्ष शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे सर, देव एकटा असला की मोठा, आन् आपण सोबत गेलो की बारका?" त्यावर मला व्याकरणात उत्तर सापडलं नाही.

बरं, मी कागदावर शुद्ध लिहून दिलं म्हणजे शुद्ध छापलं जातं असं नाही. मजकूर व्हॉट्सअॅपवरून जातो तो युनिकोडमध्ये. दुकानातल्या संगणकावरचे नक्षीदार फॉन्ट जुन्या चालीचे. इकडचा मजकूर तिकडे नेताना वाटेत रफार उडतो आणि शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. एका वर्षी मार्गदर्शकांचे 'मागर्दशर्क' झाले. त्यांची तक्रार आली नाही. फोटो चांगला आला होता. र. कृ. जोशींसारख्या माणसानं देवनागरीला संगणकावर आणायला आयुष्य घातलं, विंडोजवरचा 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच. पण आमच्याकडे मंगल म्हणजे सरकारी पत्राचा फॉन्ट. देवाच्या पोस्टरला अक्षर कसं, फुगलेलं, सोनेरी, कडेला लाल, लालाच्या कडेला पांढरं आणि मागे सावली पडलेलं हवं. तेरखेडा आमच्याच तालुक्यात, फटाक्यांसाठी नाव काढलेलं. लहानपणापासून आमची रंगांची समज फटाक्यांच्या खोक्यांवर पोसलेली आहे. ते रंग आम्हाला भडक दिसतच नाहीत, वेळेवर आलेले दिसतात.

खिळ्यांच्या छपाईचा काळही मी पाहिलाय. तेव्हा पोस्टर नव्हतं, पत्रिका होती. गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर, मधोमध विठोबाचा ठोकळा, त्याची शाई नेहमी एका बाजूला जास्त लागलेली, त्यामुळे देवाचा एक गाल काळा. तरुणपणी मी मजकूर घेऊन छापखान्यात बसायचो. खिळे जुळवणारा म्हातारा चिमट्यासारख्या बोटांनी कप्प्याकप्प्यातून अक्षर उचलून ओळ भरायचा. एका वर्षी सहाव्या कीर्तनकाराशी येऊन तो थांबला. म्हणाला, "मास्तर, ह संपला." प्रत्येक नावामागे ह.भ.प., वर हरिनाम, हरिपाठ, हरिजागर. कप्पा रिकामा. मी म्हटलं, आता? तो म्हणाला, "एकतर कीर्तनकार कमी करा, नाहीतर सकाळी या. रात्री एक लग्नपत्रिका छापून होईल, तिच्यातले काढून लावतो." त्या वर्षी आमच्या शेवटच्या दोन महाराजांच्या नावातला ह कुणाच्या तरी 'विवाह'मधून आला होता.

संगणकात ह संपत नाही. अडचण तिथून सुरू झाली असं माझं मत आहे. खिळ्यांच्या काळात नाव गाळायला कारण होतं, तेही शिशाचं. आता गाळलं तर ते तुम्हीच गाळलं.

माझा भाचा पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात शिकला. मागच्या सप्ताहाच्या आधी तो सुट्टीला आला होता. आमचं आदल्या वर्षीचं डिजिटल पाहून तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, यात श्वास घ्यायला जागा नाही." मी म्हटलं, देवाच्या दारात गर्दी असायचीच. पण पोरगं हट्टाला पेटलं. रात्री त्यानं मला मोबाइलवर चित्रं दाखवली. 1891 साली पॅरिसमधल्या एका नाचघरासाठी तुलूझ-लोत्रेक नावाच्या चित्रकारानं केलेलं पोस्टर. मधे नाचणारी एक बाई, पुढं एका पुरुषाची सावलीसारखी आकृती, मागे काळे काळे प्रेक्षक, वर नाचघराचं नाव. बस. मग आपल्याकडचे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, त्यांच्या 'कल्याण खजिना'चं 1924 सालचं पोस्टर. मग कमल शेडग्यांनी मराठी नाटकांसाठी काढलेली नावं, जिथं अक्षराच्या वळणावरूनच नाटक हसरं की रडकं ते कळतं. पोरगं तळमळून सांगत होतं. पोस्टर म्हणजे एक चित्र, एक शब्द आणि बाकी मोकळी जागा. धावत्या एसटीतून दिसलं पाहिजे.

पटलं मला. त्यानं दोन दिवस बसून एक नमुना केला. फिकट मातकट पार्श्वभूमी. मधोमध फक्त दोन पावलं, चिखल तुडवणारी. बाकी काही नाही. आपल्या जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका, त्यांची ती पावलं. वर 'अखंड हरिनाम सप्ताह', खाली तारखा, आणि अगदी शेवटी 'समस्त ग्रामस्थ'. खोटं कशाला बोलू, माझ्या घशात काहीतरी आलं.

कमिटीची बैठक मारुतीच्या पारावर बसली. नमुना हातोहात फिरला. पहिला प्रश्न आला, "पाय कुणाचेत?"

भाच्यानं सांगितलं. सगळ्यांनी नमस्कार केला. मग दुसरा प्रश्न, "वरचं अंग कुठंय?"

तेही त्यानं समजावलं. गोरोबाकाका भजनात इतके रंगले होते, की पायाखाली काय चाललंय याचं भान उरलं नव्हतं, म्हणून फक्त पाय. पुन्हा नमस्कार झाला. खजिनदार मात्र हिशेबाचे. त्यांनी बोटानं मोकळ्या जागेभोवती एक गोल काढला आणि विचारलं, "आन् ही जागा रिकामी का ठिवली?"

"डोळ्याला विसावा मिळावा म्हणून," भाचा म्हणाला.

"बाळा, डिजिटलचे पैसे फुटावर असतेत. दहा बाय आठ म्हंजे ऐंशी फूट. त्यातलं पन्नास फूट तू पडीक ठिवलंयस."

ज्या भागात पावसानं ओढ दिली की निम्मं रान पडीक राहतं, तिथं ऐपत असताना जमीन पडीक ठेवणं हा शहाणपणा कुणाला कळणार? मी भाच्याच्या बाजूनं दोन शब्द बोललो. मग अध्यक्षांनी अतिशय मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लई झाक काढलंय. हेच ठिवू. फक्त मोकळ्या जागेत नावं टाकू."

नावं पडली. फोटो पडले. पावलं पेरणी झाल्यावर ढेकूळ जसं कुठंतरी दिसतं तशी एका कोपऱ्यात दिसत होती. त्यांच्यावर शुभेच्छुकांची सावली.

फोटोंचं शास्त्र निराळंच आहे. वर डावीकडे कोण, उजवीकडे कोण, कुणाचा गोल मोठा, कुणाचा बारका, हे ठरवताना जो वेळ जातो त्यात ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय सहज व्हावा. विठ्ठल-रखुमाई मधे, ज्ञानोबा-तुकोबा दोन्हीकडे, गोरोबाकाका, तुळजापूरची आई, येरमाळ्याची येडाई. इथपर्यंत वाद नाही. देवांत ज्येष्ठता ठरलेली आहे. वाद माणसांपासून सुरू होतो. एकानं दिलेला फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापलेला असतो, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर एक बेवारशी हात कायमचा राहिलाय. दुसऱ्यांचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, त्यामुळे मुलगा आणि बाप एकाच वयाचे दिसतात. गॉगल घातलेले एक अन्नदाते आहेत. कीर्तनकारांच्या शेजारी तो गॉगल कसा दिसेल, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "सर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरचा फोटोय. दुसरा नाही." मी गप्प बसलो. पोस्टर पाहून माणसाविषयी मत बनवू नये, हे मी तेव्हा शिकलो.

आणि तो 'वै.'चा घोटाळा. वारकरी मंडळींत गेलेल्या माणसाला कैलासवासी म्हणत नाहीत, वैकुंठवासी म्हणतात. म्हणून 'वै.'. अनेक घरांत बापाच्या नावानं मुलगा अन्नदान करतो, तेव्हा पोस्टरवर 'वै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं येतं. एका वर्षी घाईत एक वै. एक ओळ खाली सरकला आणि चांगल्या चालत्याबोलत्या अन्नदात्यांच्या नावाला चिकटला. चूक माझी. तपासताना डोळा लागला होता. डिजिटल चौकात लागलं. दुपारपर्यंत दोन माणसं त्यांच्या घरी टोपी काढून जाऊन आली. संध्याकाळी ते स्वतः पंगतीला आले, माझ्या शेजारी मांडी घालून बसले, पत्रावळ पुढं ओढली आणि वाढप्याला मोठ्यानं म्हणाले, "आमटी गरम वाढ रं. वैकुंठात गार मिळती." सगळा मांडव हसला. माझा घास अजून अडकलेला आहे.

यंदा एका उत्साही पोरानं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पोस्टर करून आणलं. एका मिनिटात झालं म्हणे. देखणं होतं, यात शंका नाही. पाण्यावर पडलेला उजेड, उडणारे पारवे. पण विठोबानं एक हात आशीर्वादासाठी वर केला होता. कमरेवरचे हात काढले तर विठोबात उरतं काय? आणि वरची अक्षरं दिसायला देवनागरी, शिरोरेघ, वेलांट्या सगळं जागच्या जागी, पण वाचायला गेलं तर कुठल्याच भाषेत नव्हती. मी चष्मा पुसून तीनदा प्रयत्न केला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "सर, ह्यात निदान ऱ्हस्व-दीर्घाची चूक तर काढता येत न्हाई." म्हणजे मजकूर पुन्हा माझ्या टेबलावर.

पण हे सगळं करून पोस्टर एकदाचं लागतं. वाऱ्यानं फाटू नये म्हणून पोरं त्याला ब्लेडनं मधे मधे चंद्रकोरीसारख्या चिरा देतात, आणि त्यातली एखादी चीर सल्लागारांच्या नाकावरून जाते. मग मी चौकात चहाच्या टपरीवर बसून लोक काय वाचतात ते बघतो. बरीच वर्षं बघतोय. कार्यक्रम कुणी वाचत नाही. कीर्तनकार कोण, हे महिनाभर आधी सगळ्यांना माहीत असतं. माणूस येतो, मान वर करतो, त्याची नजर भिरभिरते, एका ओळीवर थांबते, आणि तो निघून जातो. ती ओळ त्याची असते. भाच्याला हे सांगायला हवं. लोत्रेकचं पोस्टर नाचघरात न आलेल्यांसाठी होतं. आमचं पोस्टर आलेल्यांसाठी आहे. ती शंभर नावांची गर्दी भाच्याला कलेतली चूक वाटते. आमच्याकडे ती हजेरी आहे, आणि हजेरीच्या वहीत मोकळी जागा कोण सोडतं?

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. चौथ्या दिवशीचं सकाळचं अन्नदान त्यांच्याकडे. नवऱ्याच्या स्मरणार्थ. त्यांना वाचता येत नाही. डिजिटल उंचावर असतं, तिथवर नजरही नीट पोचत नाही, म्हणून त्या छापील पत्रिका मागून घेतात. नातू बोट धरून नेमक्या ओळीवर ठेवतो. त्या ते बोट तिथून हलू देत नाहीत. नातवाला खेळायला जायचं असतं. नंतर ती पत्रिका घडी घालून देव्हाऱ्यातल्या पितळी डब्यात जाते, आधीच्या वर्षीच्या पत्रिकांवर. त्या माणसाचं नाव हयातीत एकदाच छापून आलं होतं, सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत. आजी त्या यादीविषयी कधी बोलत नाहीत. मीही तो डबा पाहिल्यापासून 'एवढी नावं कशाला' हा प्रश्न बैठकीत विचारणं सोडून दिलंय.

सप्ताह उठला की डिजिटल उतरतं, आणि त्याला खरी किंमत तेव्हा येते. ते कुणी न्यायचं यावर पुन्हा एक बारकी बैठक होते. काही गोठ्यावर जातं, काही न्हाणीच्या आडोशाला. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन काढून बनीम लागते आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो, तेव्हा रानारानात आमचा सप्ताह पसरलेला दिसतो. कुठं काल्याचे महाराज आभाळाकडं बघत सोयाबीन राखत असतात, कुठं उपाध्यक्ष. जाणता शेतकरी फोटोची बाजू आत करतो. रंग टिकतात आणि पांढऱ्या बाजूनं ऊन परततं. ज्याच्याशी भांडण आहे त्याचा फोटो मात्र वर ठेवतात. पाऊस त्याच्या तोंडावर पडावा म्हणून. हे कुणी कबूल करणार नाही.

यंदाचा मजकूर आत्ता माझ्यासमोर आहे. 'कीर्तन' आठ ठिकाणी तपासलं. सगळे 'वै.' ज्याच्या त्याच्या घरी फोन करून खात्री करून घेतले. भाच्यानं पुण्याहून नवा नमुना धाडलाय. पावलं पुन्हा मधे आलीत, नावं त्यानं भोवतीनं मातीच्या चाकासारखी गोल फिरवलीत. खजिनदारांना तो आवडला, कारण त्यात पडीक फारसं नाही. शनिवारी सकाळी तो बार्शीला छापायला जाईल. कुणाचं नाव राहिलं असेल तर शुक्रवारी हरिपाठाच्या आत मला सांगा. गोरोबाकाकांच्या डाव्या टाचेखाली अजून दोन ओळी बसतील.